सत्त्याण्णवचे मोजे

हानकावेसी गावच्या युवक मंडळाच्या लाकडी सभागृहात एकशेचाळीस माणसं मावतात, तीही पोटं आत घेऊन. एकशे एक्केचाळिसावा घुसलाच तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी खिडकीतून बर्फात पडायचा. असं असताना, सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत त्या सभागृहात तेर्वाकू हा बँड ऐकायला आपण स्वतः हजर होतो असं छातीठोकपणे सांगणारी तीनशे बारा माणसं सायमानं एकट्या तांपेरे शहरात मोजली होती. त्यात तिचा दातांचा डॉक्टर होता. ग्रंथालयातला दाढीवाला होता. तिचे गणिताचे सरसुद्धा होते, आणि सर तेव्हा चार वर्षांचे होते. हे सायमानं सरांच्या वाढदिवसाच्या केकवरच्या आकड्यातून काढलं होतं. वजाबाकी त्यांनीच शिकवलेली.

त्या रात्रीची गोष्ट सगळ्यांची एकच. बाहेर उणे एकतीस. बँड ऐन रंगात आलेला. तेवढ्यात वादळानं विजेची तार तोडली आणि मिट्ट काळोख झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी हललं नाही. गायक इल्पो माइकशिवाय गातच राहिला, आणि एकशेचाळीस जणांनी जाडजूड बूट लाकडी जमिनीवर आपटून ताल धरला. जमीन हादरली, छपरावरचा बर्फ घसरून खाली आला, आणि हे म्हणे चाळीस मिनिटं चाललं. काहींच्या मते दीड तास. एका वार्ताहरानं ते छापलं, मग ते सगळ्या देशाला तोंडपाठ झालं, आणि जो तो त्यात आपल्या घरची फोडणी घालायला लागला. कुणी मेणबत्ती धरली होती, कुणी ढोलकीवाल्याच्या खांद्यावर कांबळं टाकलं होतं. इल्पोला थंडी वाजू नये म्हणून स्वतःचे हातमोजे काढून दिलेली माणसं तर अकरा होती. बिचाऱ्याला हात दोनच.

त्या अंधारातल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मात्र कुणाकडे नव्हतं. सायमाला सलत होतं ते एवढंच. बाकीच्या फुशारक्या गेल्या चुलीत. ते गाणं तिला ऐकायचं होतं. बँडच्या बाकीच्या सगळ्या तबकड्या तिनं बसमध्ये कानांत घालून घालून झिजवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी वर्गात नाव पुकारलं तरी तिचे कान लाल व्हायचे. या शरदात शाळेच्या बँडमधली बेस गिटार तिच्या गळ्यात पडली, पहिल्याच कार्यक्रमात दोनशे मुलं तिच्या तालावर उड्या मारायला लागली, आणि तेव्हापासून सोळा वर्षांची सायमा रस्त्यानं चालायचीसुद्धा रस्ता आपल्या नावावर असल्यासारखी.

जानेवारीत बातमी आली. मोडलेला तेर्वाकू एकदाच, शेवटचं, त्याच हानकावेसीच्या सभागृहात वाजवणार. सत्तर जागा सर्वांसाठी खुल्या होत्या. त्या चार मिनिटांत संपल्या. सायमा एका हातात फोन आणि पुढ्यात संगणक घेऊन बसली होती, तरी हाती काही लागलं नाही. उरलेल्या सत्तर जागा सत्त्याण्णवला खरोखर हजर असलेल्यांसाठी राखून ठेवल्या होत्या: पस्तीस जुने श्रोते, आणि प्रत्येकाला सोबत एक माणूस. खरे कोण नि खोटे कोण, ते तेर्वाकू मित्रमंडळानं ठरवायचं. मंडळानं पद्धत अशी काढली की रविवारी दुपारी ग्रंथालयाच्या खोलीत ज्यानं त्यानं उभं राहून आपली आठवण सांगायची आणि जमलेल्यांनी हात वर करून कौल द्यायचा.

“म्हणजे चोरांनीच चोरांची झडती घ्यायची,” सायमा घरी म्हणाली.

तिची आई हेली बटाटे सोलत होती. ती शहराच्या बसवर चालक होती आणि बोलणं तिकिटासारखं मोजून द्यायची. जन्म तिचा हानकावेसीतला. पण रेडिओवर ती रात्र आली की हेली उठून रेडिओ बंद करायची, आणि आईला ते संगीत आवडत नाही असं सायमानं गृहीत धरलं होतं.

“मी होते तिथे,” हेली बटाट्याला म्हणाली. “स्वयंपाकघरात.”

सायमाच्या हातातला फोन पडला.

बाकीचं सगळं रविवारी ग्रंथालयाकडे जाताना गाडीत बाहेर आलं. हेली तेव्हा सतरा वर्षांची होती. शाळेच्या सहलीसाठी पैसे जमवायला तिचा वर्ग सभागृहात कॉफी आणि वाफल विकत होता. मध्यंतराला एकदम गर्दी होणार म्हणून हेलीनं कॉफीच्या विजेवरच्या दुसऱ्या भल्यामोठ्या भांड्याची तारही भिंतीत खुपसली. पहिलं चालू होतंच. फट्कन फ्यूज उडाला आणि सगळं सभागृह अंधारात गेलं. तिनं भांड्याची तार ओढून काढली, फडक्याखाली लपवली आणि दारामागं दडून उभी राहिली. इल्पोनं चार मिनिटं गायलं. चारच. घड्याळाचे काटे अंधारात चमकायचे, ती त्याच्याकडेच बघत होती. मग सभागृह सांभाळणाऱ्या बाईंनी नवा फ्यूज बसवला.

“दुसऱ्या दिवशी लोक म्हणायला लागले, वादळ आलं होतं. म्हटलं, बरं झालं. येऊ दे वादळाला.”

“आणि अठ्ठावीस वर्षं गप्प बसलीस?”

“इतक्या लोकांची रात्र आपल्या कॉफीच्या भांड्यानं केली, हे कुठल्या तोंडानं सांगू?”

सायमाला हसू आवरेना. हेलीनं मात्र बजावलं की भांड्याचं नाव तिथे काढायचं नाही. ती जाणार होती ते फक्त लेकीसाठी. एक जागा आपली, एक सायमाची.

ग्रंथालयाच्या खोलीत साठेक माणसं होती, वेलचीच्या गोड पावांचं ताट होतं, इतिवृत्त लिहायला चिटणीस होता आणि अध्यक्षांपुढं लाकडी हातोडी होती. आपल्याकडं तीन माणसांनी मासे धरायचे ठरवले तरी आधी हातोडी येते, मग गळ. अध्यक्ष तेइयो साठीचा होता. अंगातला काळा तेर्वाकूचा शर्ट तरुणपणीचा असावा. पोटावर अक्षरं इतकी ताणली होती की लांबून भलत्याच बँडचं नाव वाटत होतं. त्यानं सुरुवातीला स्वतःची आठवण सांगितली आणि स्वतःच हातोडी आपटून मंजूर केली.

मग एकेक जण उठला. सायमानं पहिले दोघं नीट ऐकले, तिसऱ्यापासून ओठांच्या हालचालीवरून पुढचं वाक्य ओळखायला लागली. वादळ. तार. बूट. छपरावरचा बर्फ. क्योस्ती नावाचा उंच माणूस होता, त्याच्या बुटाची टाच म्हणे त्या रात्री निखळली आणि ती त्यानं अजून कपाटात ठेवली आहे. एका बाईंनी डोळे पुसत सांगितलं की जमिनीतून येणारा तो बुटांचा गडगडाट त्यांच्या पोटातल्या बाळानं ऐकला आणि तो आता ढोल वाजवतो. प्रत्येक आठवणीला सगळे हात वर. हात वर करताना जो तो शेजाऱ्याकडे अशा नजरेनं बघायचा, की आज मी तुझं झाकतो, उद्या तू माझं झाक. इतकी एकमतानं चाललेली सभा सायमानं फक्त शाळेच्या भोजनगृहात पाहिली होती, आणि तिथे निदान चर्चेचा विषय मासळीचं सूप असायचा.

हेलीचा नंबर चौदावा. ती कोटाची बटणं लावूनच उभी राहिली, पटकन निघता यावं अशी.

“अंधार चार मिनिटं होता,” ती म्हणाली. “फ्यूज गेला होता. वादळ नव्हतं. आणि बूट कुणाच्याच पायात नव्हते. सगळे मोज्यांत होते.”

खोलीत हशा पिकला. हेली थांबली नाही. त्या आठवड्यात जमिनीला नवं पॉलिश मारलं होतं, ती सांगत होती. सभागृह सांभाळणाऱ्या आइली बाई हातात झाडू घेऊन दारात उभ्या होत्या. बूट घातलेल्या एकालाही त्यांनी आत सोडलं नाही, बँडलासुद्धा नाही. इल्पो लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या लोकरी मोज्यांत गायला. बूट सगळे बाहेर पडवीत ढिगानं पडले होते आणि निघताना दगडासारखे गोठलेले होते.

सायमाला आईचं फार कौतुक वाटलं. परक्याच्या घरात बूट घालून शिरणारा माणूस या देशात जन्माला यायचाय. आणि या साठ जणांनी अठ्ठावीस वर्षं, एकदाही मनात शंका न येता, एकशेचाळीस माणसांना बुटांसकट गावच्या नव्याकोऱ्या जमिनीवर नाचवलं होतं.

“हेलीबाई,” तेइयो म्हणाला, आणि त्या ‘बाई’त त्यानं साखर जरा जास्तच घातली, “तेर्वाकूची मैफल होती ती. बालवाडी नव्हती.”

“मी बघितलं ते सांगितलं.”

“कुठून बघितलंत?”

“स्वयंपाकघरातून.”

“बघा म्हणजे. तुम्ही कॉफी केलीत. कॉफी करणं म्हणजे ऐकणं नव्हे.”

त्यानं कौल मागितला. सायमाचा हात वर गेला. चिटणिसानं चष्म्यावरून बघून सांगितलं की सोबत आलेल्यांची मतं धरत नाहीत. मागच्या रांगेत आणखी एक हात वर होता. एकच. हेली खाली बसली आणि कोटाच्या बटणांशी चाळा करायला लागली. सायमाला दिसलं की आईचे कान लाल झालेत, अगदी दोन वर्षांपूर्वीच्या सायमासारखे, आणि ते तिला मुळीच सहन झालं नाही.

मागचा हात खाली आला नव्हता. तो ताउनो नावाच्या पन्नाशीच्या माणसाचा होता. सभा सुरू झाल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता, पाव मात्र चार खाल्ले होते.

“आइली माझी आई,” तो सावकाश म्हणाला. “झाडू मलाही बसला होता. माझ्या मोज्याला भोक होतं. पूर्ण वेळ एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा होतो.”

आता हसायला कुणी नव्हतं. सायमाला वाटलं, संपलं यांचं, आता माना खाली जातील. पण तिनं या माणसांना फारच कमी ओळखलं होतं. क्योस्ती आधी घसा खाकरला, मग कपाळाला हात लावून म्हणाला की थांबा, थांबा, आता आठवतंय, मोजेच होते, आजीनं विणलेले, राखाडी. मग कपाटातली ती टाच कुणाची, असं कुणी विचारलं नाही. बाळवाल्या बाईंचे हिरवे होते. ग्रंथालयातल्या दाढीवाल्याचे तर दोन पायांत दोन रंगांचे. दहा मिनिटांत त्या खोलीत इतके मोजे जमले की धुऊन वाळत घालायला तांपेरेतल्या दोऱ्या पुरल्या नसत्या. मी तर पहिल्यापासून तेच म्हणतोय, असं तेइयो म्हणाला आणि चिटणिसाला त्यानं इतिवृत्तात ‘बूट’ खोडून ‘मोजे’ लिहायला सांगितलं. चिटणिसानं तेरा ठिकाणी खोडलं.

“मग माझ्या आईचा कौल परत घ्या,” सायमा म्हणाली.

तेइयोनं तिला समजावलं की एकदा झालेला कौल नियमानुसार फिरवता येत नाही. शिवाय मोज्यांबद्दल वाद नव्हताच. मुद्दा स्वयंपाकघराचा होता.

सायमा खुर्चीवरून उठली. आईनं तिची बाही ओढली, तिनं ती हळूच सोडवून घेतली. रागानं डोकं भणभणत होतं, पण आवाज मात्र तिनं असा गोड काढला की गणिताच्या सरांनी ऐकला असता तर आधी आपला खिसा चाचपला असता.

ती म्हणाली, तिला एवढंच विचारायचं होतं की ती लाल दोरीची गंमत खरी आहे का. आइली बाईंनी म्हणे प्रत्येकाच्या बुटांची जोडी लाल दोरीनं बांधून दिली होती, ढिगात हरवू नये म्हणून. आई सांगत होती, पण लहानपणी ऐकलेलं, नीटसं आठवत नाही.

हेलीनं लेकीकडे चमकून बघितलं. ताउनोनं पाचवा पाव हातातच धरून ठेवला.

“लाल दोरी,” क्योस्ती विरघळून म्हणाला. “देवा, ती लाल दोरी.”

बाळवाल्या बाईंची गाठ सुटत नव्हती, दातांनी सोडवावी लागली. कुणाची दोरी गोठून काडीसारखी मोडली. तेइयोनं सगळ्यांना बोलू दिलं आणि मग, अध्यक्षाला शोभेल अशा बेतानं, शेवटी बोलला.

“माझी अजून घरी आहे. काचेच्या डबीत.”

“दोरी नव्हती,” सायमा म्हणाली. “मी आत्ता बनवली. इथे, या खुर्चीवर बसून.”

“कसलीच दोरी नव्हती,” हेली म्हणाली.

“नव्हती,” ताउनो म्हणाला, आणि पाव खायला लागला.

तेइयोचा चेहरा पोटावरच्या अक्षरांसारखा ताणला गेला. पण माणूस मुरलेला. त्यानं हातोडी आपटली आणि कॉफीची सुट्टी जाहीर केली. सुट्टीनंतर उरलेल्यांचेही कौल झाले आणि पस्तीस नावांची यादी वाचली गेली. पहिलं नाव त्याचं, हेलीचं कुठेच नाही. दोरीबद्दल इतिवृत्तात एक ओळही आली नाही. सायमाला वाटलं होतं की खोटं पकडलं गेलं की खोटारडा कोसळतो. इथे तर खोटारड्यांनी नुसती कॉफी ढवळली.

बाहेर गाडीवरचा बर्फ खरवडताना तिला रडू येत होतं आणि ते थंडीमुळे आहे असं ती स्वतःला सांगत होती. गाणं गेलं ते गेलंच. वर आईला साठ माणसांपुढं उभं करून हसायला दिलं. मागून ताउनो आला. तो म्हणाला की यादी मंडळाची असेल, पण सभागृह गावाचं आहे, आणि आई गेल्यापासून किल्ली त्याच्याकडं आहे. स्वयंपाकघरात किती माणसं असावीत यावर मंडळाचा काही नियम नाही. एकशेचाळीस जणांना कॉफी लागेल.

“दोघी या,” तो म्हणाला. “मागच्या दारानं. बूट काढून.”

मैफल फेब्रुवारीच्या मधल्या शनिवारी, संध्याकाळी सातला होती. दारावर ताउनोनं पुठ्ठा लावला होता: बूट पडवीत. हातात त्याच्या आईचा झाडू होता. कातडी जाकिटं घातलेले, साखळ्या लटकवलेले, दंडावर कवट्या गोंदवलेले सगळे बाप्ये पडवीत वाकून, धापा टाकत, नाड्या सोडत होते. सायमा स्वयंपाकघराच्या वाढायच्या खिडकीतून बघत होती. तेइयो पहिल्या रांगेत उभा होता आणि एका वार्ताहर मुलीला हात पुढं करून काहीतरी दाखवत होता. त्याच्या मनगटाला लाल दोरी बांधलेली होती. फिकी पडलेली, जुनी दिसावी म्हणून बहुतेक चहात उकळलेली.

“आई, बघ.”

हेलीनं पाहिलं. कॉफीचं पहिलं भांडं उकळत होतं. दुसरं भरून, झाकण लावून, शेजारी तयार होतं. त्याची तार तिनं ओट्यावर नीट गुंडाळून ठेवली होती आणि सकाळपासून तिच्याकडं बघायचंही टाळलं होतं.

बँडनं वाजवायला सुरुवात केली. इल्पोचे केस पांढरे झाले होते. आवाज खडबडीत होता, पण त्या खडबडीतपणाला धार होती. पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे होते. पाचव्या गाण्याला सायमाच्या अंगावर काटा आला. ते तेच होतं, तबकडीवरचं, आणि ते नव्हतंही. विजेच्या कर्ण्यांतून येणारा आवाज भिंतींना धडकत होता, आणि पहिल्या रांगेतले हात फोन उंच धरून स्वतःच्याच चेहऱ्याचं चित्रण करत होते. तेइयो मनगट वर धरून होता, दोरी चित्रात यावी म्हणून.

हेलीनं हात पुसले. तार उलगडली. लेकीकडं एकदा बघितलं, बस वळवायच्या आधी आरशात बघतात तसं, आणि दुसऱ्या भांड्याची तार भिंतीत खुपसली.

फट्.

काळोख. गिटार अर्ध्या सुरात मेल्या. सायमाला आपला श्वास ऐकू आला, शेजारी आईचा. आणि मग समोरून, कुठल्याही यंत्राशिवाय, एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. त्यानं गाणं जिथं तुटलं तिथूनच उचललं होतं. कुणीतरी पाय आपटला, मग दुसऱ्यानं. गडगडाट कसला नि काय. लोकरी मोज्यांतल्या पायांचा तो आवाज मऊ होता, धप, धप, छपरावरून बर्फाची ढेकळं अंगणात पडावीत तसा. इतका हळू, की त्यावर गाणाऱ्याचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. सायमाचाही पाय पडायला लागला. अंधारात आईचा पाय तिच्या पायाला लागला. तोही तालात होता.

“हे असं होतं?” तिनं कुजबुजून विचारलं.

“असंच. फक्त तेव्हा मला ऐकू येत नव्हतं. मी घाबरले होते.”

ताउनोला फ्यूज सापडायला चार मिनिटं लागली. तो हसत होता की नाही ते काळोखात कळलं नाही, पण हेलीनं तार ओढून फडक्याखाली सरकवायला त्यानं पुरेसा वेळ दिला.

मध्यंतराला तेइयो वाढायच्या खिडकीशी आला. डोळे लाल, नाक लाल, दोरी लाल. चाळीस मिनिटं, तो म्हणत होता, पूर्ण चाळीस मिनिटं, अगदी तेव्हासारखी. वादळानं परत तार तोडली असणार. त्याच्या मागं खिडकीबाहेर वाऱ्याची झुळूक नव्हती आणि आभाळ चांदण्यांनी गच्च भरलं होतं.

“पोरी, तू स्वयंपाकघरात होतीस,” तो दयेनं म्हणाला. “तुला नाही कळणार.”

“हो ना,” सायमा म्हणाली. “वादळच असणार.”

मग तिनं त्याचा कप काठोकाठ भरला, दुसऱ्या भांड्यातून. ते तापलंच नव्हतं.